मेंदूखालचे कडे

अकोल्याहून अमरावतीला जाताना मूर्तिजापूरचा रस्ता बंद पडला, तर एस.टी. दर्यापूरमार्गे जाऊ शकते. आपल्या मेंदूच्या तळाशीही अशीच सोय आहे. मानेतून वर येणारे रक्तप्रवाह तेथे धमन्यांच्या एका कड्याने जोडलेले असतात. एक वाट तुंबली, तर दुसरीकडून रक्त मिळते.

या कड्याचे सविस्तर वर्णन थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६६४ साली केले. त्याच्या ग्रंथासाठी चित्रे काढून देणाऱ्यांत वास्तुशिल्पी ख्रिस्तोफर रेन होता. एका शवाच्या मानेतील एक मोठी धमनी विलिसला बंद झालेली आढळली. पण हयातीत त्या माणसाला पक्षाघात झालेला नव्हता. कड्याचे महत्त्व त्यावरून विलिसने ओळखले.

पुढे शवविच्छेदनांतून दिसले, की कोणाच्या कड्यातील जोडधमनी दोऱ्यासारखी बारीक असते, तर कोणाची नसतेच. पण हे कळणार मृत्यूनंतर! १९२७ साली लिस्बनच्या एगास मोनीझने जिवंत माणसाच्या मेंदूतील धमन्या क्ष-किरणांनी दाखवल्या. त्यासाठी मात्र धमनीतच द्राव टोचावा लागे.

सुईवाचून पाहण्यामागचे एक मूलतत्त्व आपल्या देशातही अभ्यासले गेले. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जी. सूर्यन यांनी १९५१ साली वाहत्या द्रवांवर प्रयोग केले. चुंबकीय क्षेत्रातील स्थिर द्रवावर रेडिओलहरींचा मारा होत राहिला, की त्यातील अणुकेंद्रांचा प्रतिसाद क्षीण होतो. द्रव वाहता असेल, तर ताजी अणुकेंद्रे येत राहतात आणि प्रतिसाद जोरकस राहतो. अशा प्रतिसादांपासून चित्र कसे बनवावे, हे पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली दाखवले. आज एमआरआयमध्ये याच तत्त्वावर स्थिर मेंदू अंधूक आणि आत येणारे रक्त उजळ दिसते.

नेदरलँड्समध्ये १५० प्रौढांची अशी तपासणी झाली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार अखंड कडे होते केवळ ४२ टक्के लोकांत! म्हणजे अपुरे कडे हा आजार नव्हे. मात्र मानेतील धमनी तुंबली, तर अशा माणसाला वळणवाट अपुरी पडू शकते, आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. आणखी एक सावधगिरी हवी : अतिमंद प्रवाहाची धमनी असूनही चित्रात उमटत नाही.

म्हणून फळ्यावर ते सुबक कडे काढताना आपण एक वाक्य जरूर जोडावे : हा नमुना आहे, प्रत्येकाचे कडे असेच असेल असे नाही.