विश्लेषण : कबुतरांच्या विष्ठेमुळे फुफ्फुसावर कायमचे वण कसे पडतात?

मुंबईतील कबुतरखान्यांचा वाद २०२५ मध्ये रस्त्यावरून न्यायालयात गेला. शहरातील ५१ कबुतरखाने बंद करण्याची घोषणा जुलैमध्ये विधान परिषदेत झाली. त्यानंतर बंदी मोडून दाणे टाकणाऱ्यांवर गुन्हे नोंदवण्याचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिले. ऑक्टोबरअखेरीस महापालिकेने चार ठिकाणी सकाळी ७ ते ९ या वेळेत दाणे टाकण्यास तात्पुरती मुभा दिली. त्यातील तीन ठिकाणे उपनगरांत आहेत : अंधेरी पश्चिमेचा लोखंडवाला बॅक रोड, मुलुंडचा ऐरोली जकात नाका परिसर आणि बोरिवली पश्चिमेचे गोराई मैदान. श्रद्धा, भूतदया आणि आरोग्य अशा तिन्ही बाजूंनी या विषयावर बोलले गेले. आरोग्याची बाजू मात्र अनेकदा ‘कबुतरांमुळे श्वासाचे आजार होतात’ या एका वाक्यावरच थांबली. प्रत्यक्षात शरीरात काय घडते?

हा आजार नेमका कोणता?

या आजाराचे नाव हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. त्यात जंतूंचा संसर्ग नसतो. कबुतरांची वाळलेली विष्ठा आणि पिसांवरची पांढरी भुकटी यांतील प्रथिने श्वासातून आत जातात व फुफ्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. काहींची रोगप्रतिकारक यंत्रणा या प्रथिनांना शत्रू समजते आणि रोज त्यांच्याशी लढत राहते. या लढाईत नुकसान फुफ्फुसाचेच होते.

देशातील १९ शहरांतील २७ केंद्रांनी १,०८४ रुग्णांची नोंद करून केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. फुफ्फुसाच्या अंतर्गत ऊतींच्या आजारांचे हे रुग्ण होते. त्यांतील ४७ टक्क्यांहून अधिक जणांना हाच आजार असल्याचे आढळले. मात्र दोष एकट्या कबुतरांचा नव्हता. हा आजार असलेल्यांपैकी सुमारे ४८ टक्के जण एअर कूलरच्या संपर्कात होते. ओल आणि बुरशी हीसुद्धा याची महत्त्वाची कारणे आहेत.

वण कसा तयार होतो?

गुडघा खरचटला की खपली धरते, ती पडते आणि खाली वण राहतो. शरीराच्या आतही दुरुस्ती अशीच होते. इजा झाली की मॅक्रोफेज नावाच्या पेशी आधी साफसफाई करतात. मग त्या टीजीएफ-बीटासारखी रासायनिक संदेश देणारी प्रथिने सोडतात. हा संदेश मिळताच फायब्रोब्लास्ट पेशींचे मायोफायब्रोब्लास्टमध्ये रूपांतर होते आणि त्या कोलॅजेनचे तंतू विणू लागतात. जखम भरली की या पेशी मरतात, जादा कोलॅजेन विरघळवले जाते आणि काम संपते.

इजा रोजच होत असेल, तर हे काम संपतच नाही. कोलॅजेनचे थर साचत जातात. एरवी स्पंजासारखे असलेले फुफ्फुस कडक होते आणि वायुकोशातून रक्तात प्राणवायू जाण्यात अडथळा येतो. यालाच फायब्रोसिस म्हणतात. यकृताचा सिऱ्होसिस, मूत्रपिंडाचे जुनाट विकार आणि हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदयाच्या स्नायूवर पडणारा वण यांमागेही थोड्याफार फरकाने हीच प्रक्रिया असते.

रोगप्रतिकारक पेशींना लगाम नसतो का?

असतो. त्याचे काम नियामक टी-पेशी करतात. त्यांच्यासंबंधीच्या शोधासाठी मेरी ब्रुन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. एकाच गच्चीवरच्या कबुतरांमुळे एकाला आजार होतो आणि शेजाऱ्याला काहीच होत नाही, यामागे हा लगाम किती घट्ट आहे हेही एक कारण मानले जाते. जनुकीय ठेवण, संपर्काचे प्रमाण आणि काळ यांचाही वाटा असतो. पण या पेशींची भूमिका दुहेरी आहे. त्या दाह कमी करतात, तशाच टीजीएफ-बीटाही सोडू शकतात. त्यामुळे ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सरसकट सल्ला येथे उपयोगाचा नाही.

यात आरएनएचा संबंध काय?

कोलॅजेन बनवण्याची कृती डीएनएमध्ये असते. तिची नक्कल, म्हणजे संदेशवाहक आरएनए, पेशीतील प्रथिनांच्या कारखान्यात जाते. यातल्या कोणत्या नकला वापरायच्या आणि कोणत्या दाबायच्या, हे ठरवण्यात मायक्रोआरएनएचा मोठा हात असतो. हे जेमतेम २२ अक्षरांचे तुकडे असतात. १९९३ मध्ये एका सूक्ष्म कृमीत ते शोधणारे व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रवकुन २०२४ च्या नोबेलचे मानकरी ठरले.

फायब्रोसिसमध्ये यातील दोन नावे वारंवार येतात. मायक्रोआरएनए-२९ कोलॅजेनच्या नकला दाबून ठेवतो. टीजीएफ-बीटा वाढले की तो कमी होतो आणि कोलॅजेनला मोकळे रान मिळते. मायक्रोआरएनए-२१ उलट वागतो. टीजीएफ-बीटाला आवरणारे एसमॅड-७ हे प्रथिन तो कमी करतो, म्हणजे ब्रेकच काढून घेतो. तो रोखल्यावर उंदरांच्या फुफ्फुसातील वण कमी झाल्याचे २०१० मध्ये दिसले. हे संशोधन मुख्यतः प्राण्यांवर आणि कारण न सापडलेल्या फुफ्फुस-फायब्रोसिसवर झाले आहे, थेट कबुतरांमुळे होणाऱ्या आजारावर नाही.

मग यावर औषध आहे का?

मायक्रोआरएनए-२१ रोखणाऱ्या एका औषधाची चाचणी अल्पोर्ट या मूत्रपिंडाच्या आजारात झाली. अपेक्षित फायदा न दिसल्याने ती २०२२ मध्ये थांबवण्यात आली. उंदरात जमले ते माणसात जमतेच असे नाही.

सध्या दाह असेल तेव्हा स्टिरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे देतात. वाढत जाणाऱ्या फायब्रोसिससाठी निंटेडॅनिब वापरले जाते. ते घसरणीचा वेग कमी करते, पडलेला वण पुसत नाही. म्हणून वण पडण्यापूर्वी कारण दूर करणे हाच सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो.

लक्ष कशाकडे द्यावे?

अनेक आठवडे टिकणारा कोरडा खोकला, जिना चढताना लागणारी धाप, थकवा आणि घटणारे वजन ही लक्षणे असतील, तर ती दम्याची किंवा वयाची समजून सोडून देऊ नयेत. घराच्या छज्जावर, डक्टमध्ये किंवा एसीच्या मागे कबुतरे बसत असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. अनेकदा निदानाचा धागा तिथेच सापडतो. फुफ्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी आणि एचआरसीटी स्कॅन यांवरून पुढची दिशा ठरते. साध्या एक्स-रेमध्ये सुरुवातीचे बदल सुटू शकतात.

वाळलेली विष्ठा झाडूने कोरडी झाडू नये. ती आधी भिजवावी आणि एन-९५ मास्क लावून काढावी. आजार असलेल्या व्यक्तीने हे काम स्वतः करूच नये. जाळी बसवून कबुतरे गेली, तरी त्यांची प्रथिने घरातील धुळीत कित्येक महिने टिकतात. म्हणून जाळीइतकीच नंतरची सफाईही महत्त्वाची आहे.