विमाननिरीक्षण : छंद आणि संशय यांच्या सीमेवर

विमानतळाच्या वा हवाई तळाच्या परिसरात उभे राहून ये-जा करणाऱ्या विमानांचा प्रकार, नोंदणी क्रमांक आणि वेळ टिपून ठेवण्याच्या छंदास विमाननिरीक्षण म्हणतात. पक्षिनिरीक्षणाशी त्याचे नाते जवळचे आहे. दुर्बीण, वही आणि चिकाटी ही दोन्हीकडची सामग्री एकच. भांडुप पंपिंग स्टेशनच्या खाडीकाठी हे साम्य चांगले ध्यानात येते. पहाटे रोहित पक्ष्यांसाठी जमलेल्यांना दक्षिणेकडे पाहिल्यास ठाण्याची खाडी ओलांडून घाटकोपरच्या दिशेने उतरत जाणारी विमाने दिसतात. विमाने शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उतरवली जातात आणि मुंबईत वारा बहुधा पश्चिमेचा असतो. म्हणूनच मुख्य धावपट्टीकडे ती पूर्वेकडून, म्हणजे खाडीवरून येतात.

प्रवासी विमान ओळखणे आता फारसे कठीण राहिलेले नाही. भारतीय नागरी विमानाचा नोंदणी क्रमांक 'व्हीटी' या अक्षरांनी सुरू होतो. शिवाय बहुतेक विमाने आपले स्थान, उंची व वेग १०९० मेगाहर्ट्झवर सतत प्रक्षेपित करीत असल्याने घरबसल्या संगणकावरही त्यांचा माग काढता येतो. लष्करी विमानांचे तसे नाही. त्यांचे प्रक्षेपण अनेकदा बंद असते, वेळापत्रक जाहीर नसते आणि तळ बहुधा वस्तीपासून दूर असतात. निष्णात निरीक्षकाला ओढ लागते ती त्यांचीच, आणि अडचणीही तेथूनच सुरू होतात.

या छंदाचे मूळ काही अंशी युद्धातच आहे. ब्रिटनमध्ये १९२५ साली स्थापन झालेल्या 'ऑब्झर्व्हर कोअर'चे स्वयंसेवक दुसऱ्या महायुद्धात आकृती व आवाजावरून शत्रूची विमाने ओळखून कळवीत. १९४१ मध्ये या दलाला 'रॉयल' ही उपाधी मिळाली. एका पिढीने देशसेवा म्हणून केलेले काम पुढच्या पिढ्यांना मात्र तुरुंगाच्या दारापर्यंत घेऊन गेले. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमधील कालामाता येथील हवाई तळाजवळ १२ ब्रिटिश व २ डच निरीक्षकांना अटक झाली. वहीत क्रमांक लिहिणे हा छंद असू शकतो, हेच तेथील यंत्रणेला पटेना. एप्रिल २००२ मध्ये आठ जणांना तीन वर्षांची, तर उर्वरितांना एक वर्षाची स्थगित शिक्षा झाली. नोव्हेंबरमध्ये अपिलात सर्व निर्दोष ठरले.

भारतातही असा प्रसंग घडला. फेब्रुवारी २०१० मध्ये दिल्ली विमानतळानजीकच्या एका हॉटेलात उतरलेल्या दोन ब्रिटिश निरीक्षकांनी धावपट्टी दिसेल अशी खोली मागितली. त्यांच्याजवळ दुर्बिणी आणि विमानांचे संदेश टिपणारी उपकरणे होती. त्याच महिन्यात पुण्यात जर्मन बेकरीचा स्फोट झाला होता, त्यामुळे संशय येणे अस्वाभाविक नव्हते. अखेर तार अधिनियमाखाली दंड भरून एप्रिलमध्ये ते मायदेशी परतले.

भारतीय कायदा येथे कठोर आहे. १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमानुसार हवाई दलाचे ठाणे हे 'निषिद्ध स्थान' ठरते. देशाच्या सुरक्षिततेस बाधक हेतूने त्याच्या जवळ जाणे वा त्याचे रेखाटन करणे हा गुन्हा असून लष्करी आस्थापनांच्या बाबतीत शिक्षा चौदा वर्षांपर्यंत जाऊ शकते. ग्यानबाची मेख पुढेच आहे. आरोपीचा हेतू विशिष्ट कृतीने सिद्ध करण्याची गरज नाही. परिस्थिती, वर्तन वा त्याचे ज्ञात चारित्र्य यांवरूनही तो गृहीत धरता येतो. याखेरीज १९३७ च्या विमान नियमांतील तेराव्या नियमानुसार शासकीय विमानतळावर लेखी परवानगीविना छायाचित्रण करता येत नाही. मे २०२५ मध्ये तर पश्चिम सीमेलगतच्या संरक्षण तळांवरून उड्डाण करताना विमान दहा हजार फूट उंची गाठेपर्यंत प्रवाशांनी खिडक्यांचे पडदे खाली ओढावेत, असा आदेश निघाला.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. अमेरिकेच्या नेवाडातील ग्रूम लेक हा तळ नकाशावर दाखवला जात नसे. यू-२ हे टेहळणी विमान तेथून १९५५ मध्ये प्रथम उडाले. सीआयएने मात्र तळाचे अस्तित्व अधिकृतपणे मान्य केले २०१३ मध्ये. 'फ्रीडम रिज' या टेकडीवरून तो दिसतो असे उमगताच सरकारने १९९५ मध्ये ती जागाच ताब्यात घेतली. तेव्हापासून हौशी मंडळी सुमारे ४० किलोमीटरवरील टिकाबू शिखर चढतात! सीआयए संशयितांना गुप्तपणे देशोदेशी नेत होती, त्या विमानांचा छडा लावतानाही युरोपातील हौशी निरीक्षकांच्या वह्यांतले क्रमांक पत्रकारांच्या कामी आले. तेव्हा टिपणवही हेरगिरीचे साधन ठरते तशी साक्षीदारही ठरू शकते.

महाराष्ट्रात या विषयाचे केंद्र म्हणजे पुण्याजवळचे लोहगाव. १९३९ मध्ये मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी हा तळ उभारला गेला. सुखोई-३० जातीची पहिली विमाने हवाई दलात येथेच, जून १९९७ मध्ये दाखल झाली. सुखोई-३० एमकेआयची पहिली तुकडीही सप्टेंबर २००२ मध्ये येथेच उभी राहिली. पुण्याची नागरी वाहतूक याच धावपट्टीवरून चालते. साहजिकच जे पाहण्यासाठी परदेशातील निरीक्षक डोंगर चढतात, ते पुण्याच्या प्रवाशाला खिडकीशेजारच्या आसनावरून अनायासे दिसते. नाशिकजवळ ओझर येथे विमाने तळावर राहण्याऐवजी जन्माला येतात. १९६४ पासूनच्या तेथील कारखान्यात मिग-२१ घडले, नंतर सुखोई. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथे बांधलेल्या तेजस मार्क-१ए या विमानाने पहिली भरारी घेतली.

कुंपणाबाहेर ताटकळणे नको असेल, त्याने गोव्याची वाट धरावी. दाबोळीच्या 'आयएनएस हंसा' या नौदल तळावर १९८३ पासून असलेल्या सी हॅरिअर विमानांना मे २०१६ मध्ये निरोप देण्यात आला. जवळच बोगमाळो येथे १९९८ मध्ये सुरू झालेल्या नौदलाच्या विमान संग्रहालयात सी हॅरिअरबरोबरच सी हॉक, अलिझे आणि चार इंजिनांचे सुपर कॉन्स्टेलेशन ही विमाने ठेवलेली आहेत. त्यांचे क्रमांक वहीत उतरवून घेताना कोणाची हरकत नसते.