उसन्या आरमाराचा विजय

यादवीचा निकाल समुद्रावर लागण्याचे प्रसंग इतिहासांत थोडे आहेत. इ. स. 324 मध्यें रोमच्या साम्राज्यासाठीं कॉन्स्टंटाइन व लिसिनियस हे दोन सम्राट झगडत असतां हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनींत त्यांच्या आरमारांची गांठ पडली. कॉन्स्टंटाइनचा पुत्र क्रिस्पस याचीं निवडक 80 गलबतें शत्रूच्या 200 गलबतांस भारी ठरलीं. चिंचोळ्या जागेंत मोठ्या आरमारास हालचाल करतां येईना. तथापि जिंकणारें काय आणि हरणारें काय, दोन्ही आरमारें रोमचींच होतीं. विजयदुर्गापुढें मराठ्यांच्या यादवींत नेमकी हीच गोष्ट निराळी होती.

कान्होजी आंग्रे 1729 मध्यें वारले आणि त्यांच्या पुत्रांत भाऊबंदकी माजली. 1735 मध्यें पहिल्या बाजीरावानें कुलाबा मानाजीस व विजयदुर्ग संभाजीस देऊन तंटा तोडला. परंतु एका आरमाराचीं दोन झालीं. संभाजीमागून आलेला तुळाजी पेशव्यांस जुमानीना. प्रतिनिधि व अमात्य यांच्या कोंकणांतील मुलखावरही तो चालून जाऊं लागला. त्यास जमिनीवर कोंडणें नानासाहेब पेशव्यांस शक्य होतें. समुद्रावर गांठण्याइतकें बळ नव्हतें. तेव्हां 1755 मध्यें मुंबईकर इंग्रजांशीं करार झाला व त्याच वर्षीं सुवर्णदुर्ग पडला.

12 फेब्रुवारी 1756 रोजीं ॲडमिरल वॉटसननें विजयदुर्गावर मारा सुरू केला. एका गोळ्यानें आंग्र्यांचें एक जहाज पेटलें आणि लगत नांगरलेलें सारें आरमार कांहीं तासांत भस्म झालें. दुसऱ्या दिवशीं किल्ला पडला. तुळाजी पेशव्यांचा कैदी झाला, तो कैदेंतच मरण पावला. किल्ला मात्र इंग्रजांनीं धरून ठेवला, आंतील सुमारें 10 लाखांची लूट आपसांत वांटून घेतली, आणि ऑक्टोबरांतील तहानें बाणकोट पदरांत पाडून घेतल्यावरच तो परत केला.

तुळाजीचा पुंडपणा खरा होता; त्यास वठणीवर आणणें हें राज्यकर्त्याचें कर्तव्यच होतें. चूक झाली ती साधनाची. उसन्या आरमारानें शत्रूचें म्हणून जें जाळलें, तें मराठ्यांच्याच समुद्रावरील बळाचें मोठें अंग होतें.

1 जानेवारी 1818 रोजीं शिरूरच्या छावणींतून निघालेली कंपनीची पलटण शिक्रापूरच्या पश्चिमेस, भीमाकाठच्या कोरेगांवीं, दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेशीं लढली. शिक्रापुराहून समुद्र फार दूर आहे. परंतु विजयदुर्गाच्या खाडींत ज्यांस वाट करून दिली, तेच 62 वर्षांनीं पुण्याच्या वाटेवर उभे होते.