रायगडचा इंग्रजी तह : दोन हरकती

राज्याभिषेकसमयीं, ज्येष्ठ शके १५९६ (जून १६७४) मध्यें, इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडीं हजर होता. त्यानें नजर केलेल्या हिऱ्याच्या अंगठीची हकीकत सर्वश्रुत आहे. परंतु तो ज्या कामासाठीं आला होता, तो व्यापारी तह आम्हांस अधिक विचारार्ह वाटतो.

कलहाचें मूळ राजापुरांत होतें. पन्हाळ्याच्या वेढ्यांत तेथील इंग्रजांनीं सिद्दी जौहरास साह्य केलें. त्याबद्दल महाराजांनीं १६६१ त त्यांची वखार लुटली. पुढें १६६८ त मुंबई बेट कंपनीकडे आलें. बेटास धान्य व लांकूडफांटा समोरील मुलखांतूनच मिळावयाचा. म्हणून सलोख्याची निकड इंग्रजांसच अधिक होती.

त्यांनीं वीस कलमें मांडलीं. स्वराज्यांत निर्वेध व्यापार, राजापूर, दाभोळ, चौल व कल्याण येथें वखारी, आयात मालावर शेंकडा अडीच जकात आणि राजापूरच्या नुकसानीची भरपाई, हीं त्यांतील मुख्य होत. हीं मान्य करण्यास महाराजांस अडचण वाटली नाहीं. हरकत निघाली ती दोन कलमांवर.

पहिलें नाण्याचें. इंग्रजी नाणें स्वराज्यांत चालावें अशी मागणी होती. उत्तर मिळालें कीं, कोणत्याही नाण्यास मनाई नाहीं. परंतु ज्यांत रयतेची बूड होईल तें नाणें घेण्याची सक्तीही करतां येणार नाहीं. कस व वजन बरोबर असेल तर तें आपोआप चालेल. दुसरें फुटक्या जहाजांचें. किनाऱ्यास लागलेला माल परत देणें कोंकणच्या वहिवाटीविरुद्ध आहे, व एकास ही सवलत दिली तर फ्रेंच, डच आदि सारेच ती मागतील, असें सांगण्यांत आलें.

हीं उत्तरें आपणांस इंग्रजी कागदांवरून कळतात; तीं वकिलास अनुकूल नसतांही त्यांत नमूद आहेत, म्हणून विश्वसनीय मानण्यास प्रत्यवाय नाहीं.

यांत केवळ हट्ट पाहणें चूक होईल. १६७१ त कुडाळचे सरसुभेदार नरहरि आनंदराव यांस लिहिलेल्या पत्रांत बारदेशच्या स्वस्त मिठामुळें स्वराज्यांतील मीठ पडून राहूं नये म्हणून जकात वाढविण्याची आज्ञा आहे. तीच दृष्टि येथें दिसते. जकातीचा दर हा देण्याघेण्याचा विषय. नाण्याची किंमत व किनाऱ्याचा कायदा हे राज्याचे विषय. पहिल्यांत महाराज उदार होते, दुसऱ्यांत सावध.

राजापूरच्या भरपाईचा तगादा पुढें वर्षानुवर्षें चालूच राहिला, हेंही नमूद केलें पाहिजे. तथापि तहाचें मोल केवळ वसूल झालेल्या होनांवर ठरत नाहीं. व्यापारास दार उघडतांना उंबरठा कोणाचा, हें त्या दोन हरकतींनीं स्पष्ट केलें, असें आमचें मत आहे.