प्रमाणपत्र आपले, अनुभव कोणाचा?

"सीसीएनए झाले. आता पगार किती मिळेल?" आमच्या अभ्यासिकेत हा प्रश्न सतत येतो. विचारणारा बहुतेक वेळा लातूर, वाशीम, नांदेडकडचा असतो. घरच्यांनी कर्ज काढून त्याला पुण्यात क्लास लावून दिलेला असतो. उत्तर देण्याआधी आम्ही त्याला जवळपास शंभर वर्षे मागे, मुंबईच्या गिरणीत नेतो.

गिरणीत चांगली मजुरी विणकाम खात्यात मिळायची. धोट्यातले सूत संपले की नवे सूत छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार तोंडाला लावणार नाही, या एका कारणावरून आपल्या माणसांना त्या खात्याचे दार बंद होते. ती कमी मजुरीच्या सूतकताईत राहिली. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. वर्गलढ्याच्या गप्पा मारणाऱ्यांना कामगारांतली ही भिंत दिसत नव्हती काय?

विणकाम खात्यात जायला पदवी लागत नव्हती. लागत होता तो हातचा सराव, आणि सरावाची जागाच बंद होती. कसब नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून कसब नाही. हा फेरा बाबासाहेबांनी नेमका ओळखला होता. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, ऑक्टोबर १९४२ मध्ये, त्यांनी लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात विज्ञान-तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. पण ते तिथेच थांबले नाहीत. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना शिकाऊ म्हणून घ्या, हीही मागणी केली. पुस्तकातले शिक्षण एक, यंत्रापाशी उभे राहण्याची संधी दुसरी. त्यांना दोन्ही हव्या होत्या.

आता नेटवर्किंगकडे येऊ. या क्षेत्रात प्रमाणपत्रे कॉलेजांनी नव्हे, कंपन्यांनी रुजवली. १९९० च्या दशकात अमेरिकेत नॉव्हेल कंपनीच्या सीएनई प्रमाणपत्राला मोठा भाव होता. मग पाठांतर करून पास होणाऱ्यांची रीघ लागली आणि 'कागदी सीएनई' हा टोमणा रूढ झाला. सिस्कोने १९९३ मध्ये सीसीआयई आणली. तिच्यात लेखी परीक्षेबरोबर प्रत्यक्ष राउटरवर हात चालवून दाखवावा लागतो, म्हणून तिचा दरारा टिकला. पहिल्या पायरीची सीसीएनए आली १९९८ मध्ये. २०२० पासून सीसीएनए न देताही सीसीएनपी देता येते, आणि क्लासवाले अनुभव नसलेल्या पोरांना तीही विकतात.

मग पगार ठरतो कशावर? सीसीएनएमुळे तुमचा बायोडेटा चाळणीतून वर येतो आणि मुलाखत मिळते. बहुधा पहिली नोकरी नेटवर्क ऑपरेशन्स सेंटरमध्ये एल-१ ची: रात्रपाळी, स्क्रीनवरचे अलार्म बघणे, तिकीट काढणे, वरच्याला कळवणे. पगाराची खरी उडी एल-२ वर जाताना लागते. तिथे बंद पडलेली लिंक स्वतः शोधून सुरू करावी लागते. दोन-तीन वर्षे हे काम केलेल्याने सीसीएनपी केली तर तिला किंमत येते. एकही रात्र ड्यूटी न करता केलेली सीसीएनपी मुलाखतीच्या तिसऱ्या प्रश्नाला उघडी पडते. थोडक्यात, प्रमाणपत्र दार उघडते, पगार अनुभव वाढवतो.

आणि अनुभवाचे वाटप समान नाही. पहिली जागा पुष्कळदा ओळखीने, आतल्या माणसाच्या शिफारशीने मिळते. ज्याच्या घरात आधीच कोणी आयटीत आहे, त्याला ती मिळते. सहा महिने बिनपगारी इंटर्नशिप करायला घरून खोलीभाडे यावे लागते. वर नव्या ठिकाणी पहिला प्रश्न असतो, "आधीचा पगार किती?" समजा एकाने १५ हजारांवर सुरुवात केली, दुसऱ्याने २५ हजारांवर. दोघांनाही नोकरी बदलताना ३० टक्के वाढ मिळत गेली, तरी तिसऱ्या वाढीनंतर १० हजारांचा फरक २२ हजारांच्या घरात जातो. गुणवत्ता तीच, दरी दुप्पट!

"आयटीत जात नसते" म्हणणाऱ्यांनी अभ्यास वाचावेत. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचे संशोधन २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. सारख्याच पात्रतेचे अर्ज खासगी कंपन्यांना पाठवले, तेव्हा दलित आडनावांना कमी बोलावणी आली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतल्या दुसऱ्या अभ्यासात सॉफ्टवेअरच्या जागांसाठी असा ठळक फरक दिसला नाही. कॉल सेंटरच्या जागांत मात्र सवर्णांना ओबीसींपेक्षा जास्त बोलावणी आली. दोन्ही निष्कर्ष आम्ही मान्य करतो. आम्ही त्यातून घेतो तो धडा असा: कौशल्य मोजता येते तिथे आडनावाचा जोर कमी पडतो, 'बोलणे-वागणे' बघितले जाते तिथे वाढतो. म्हणून प्रमाणपत्र निरुपयोगी आहे, असे आम्ही कधीच म्हणणार नाही.

पण आत गेल्यावर? २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सरकारी यंत्रणेने खुद्द सिस्कोविरुद्ध खटला भरला. दलित अभियंत्याला जातीवरून कमी पगार आणि कमी संधी दिल्याचा आरोप होता. कंपनीने तो नाकारला, २०२३ मध्ये दोन सवर्ण अधिकाऱ्यांविरुद्धचा भाग मागेही घेतला गेला. तरी जगाला एक गोष्ट कळली: जात राउटरच्या खोलीपर्यंत पोहोचली, असे म्हणायची वेळ आली आहे.

मग करायचे काय? खोटे अनुभवपत्र विकत घेऊ नका. पडताळणीत पकडले गेलात तर नोकरीही जाते आणि नावही. पॅकेट ट्रेसर आणि जीएनएस३ फुकट आहेत. जुना लॅपटॉप घेऊन विहारातल्या अभ्यासिकेत लॅब उभी करा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात कलम ३-अ आहे. निर्दिष्ट व्यवसायांत अनुसूचित जाती-जमातींसाठी शिकाऊ जागा राखणे खासगी मालकांवरही बंधनकारक आहे. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही म्हणून हात चोळत बसणाऱ्या आपल्या संघटनांनी या जागांचा हिशेब कधी मागितला? आणि जे आज एल-२, एल-३ वर आहेत, त्यांना आमचा थेट सवाल: वर्षभरात तुम्ही आपल्या किती पोरांची शिफारस केली?

१४ एप्रिलला डीजेवर जाणाऱ्या वर्गणीतून किती जणांची परीक्षा फी निघेल, याचा हिशेब प्रत्येक मंडळाने यंदा करावा. विणकाम खात्याचे दार आपोआप उघडले नव्हते. हेही उघडणार नाही.

जय भीम!