फ्रामासॉफ्ट : मोठें न होण्याचा निश्चय

कोणत्याहि चळवळीचा इतिहास पाहूं गेल्यास तिचे दोन टप्पे स्पष्ट दिसतात. पहिल्या टप्प्यांत थोडे विचारवंत एक तत्त्व मांडतात. दुसऱ्या टप्प्यांत तें तत्त्व सामान्य संसारी माणसाच्या हातीं कसें पोंचवावें, हा प्रश्न उभा राहतो. पहिल्या टप्प्यांतील माणसांचीं नांवें ग्रंथांत राहतात. दुसऱ्यांतील श्रम बहुधा विस्मृतींत जातात. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीच्या दुसऱ्या टप्प्यांत फ्रान्समधील ‘फ्रामासॉफ्ट’ या लहानशा संस्थेनें जें कार्य केलें, तें म्हणूनच मुद्दाम जाणून घेण्यासारखें आहे.

सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांची मालिका. या आज्ञा ज्या मूळ स्वरूपांत लिहिल्या जातात, तें स्वरूप जाणत्या माणसाला वाचतां येतें. परंतु विकतांना अनेक कंपन्या तें मूळ लेखन झांकून ठेवतात आणि केवळ यंत्राला समजेल असें रूप गिऱ्हाइकाला देतात. निरक्षर कुळानें सावकाराच्या कागदावर अंगठा उठवावा, तशीच मग वापरणाऱ्याची स्थिति होते. कागदावर काय लिहिलें आहे, तें सावकारालाच ठाऊक! या स्थितीविरुद्ध अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांनीं २७ सप्टेंबर १९८३ रोजीं ‘ग्नू’ या योजनेची घोषणा केली. सॉफ्टवेअर हव्या त्या कामासाठीं वापरावें, त्याची रचना अभ्यासून तींत बदल करावा, त्याच्या प्रती इतरांना द्याव्या आणि सुधारलेली प्रतहि वांटावी, हीं चार स्वातंत्र्यें या विचाराचा पाया होत. १९८९ सालीं निघालेल्या ‘जीपीएल’ या परवान्यानें एक महत्त्वाची अट घातली : ज्याला हीं स्वातंत्र्यें मिळालीं, त्यानें ती प्रत पुढें देतांना घेणाऱ्यालाहि तींच स्वातंत्र्यें दिलीं पाहिजेत.

इंग्रजींत ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ या दोन्ही अर्थांना ‘फ्री’ हा एकच शब्द असल्यानें पुष्कळ घोंटाळा झाला. फ्रेंच भाषेंत मात्र ‘लिब्र’ आणि ‘ग्रात्युइ’ असे दोन निराळे शब्द आहेत. ज्यांच्या भाषेंतच हा भेद आहे, त्यांना तो समजावून सांगणें सोपें गेलें असल्यास नवल नाहीं.

फ्रामासॉफ्टचा उगम शाळेंत झाला. गणिताचे शिक्षक अलेक्सी कॉफमान आणि फ्रेंच भाषेच्या एक शिक्षिका यांनीं वर्गाच्या उपयोगासाठीं एक इंटरनेट-स्थळ चालविलें होतें. फ्रेंच व गणित, या दोन विषयांच्या आद्याक्षरांवरून ‘फ्रामा’ हें नांव पडलें. त्यांतूनच २००१ सालीं मुक्त सॉफ्टवेअरची एक सटीप सूचि तयार झाली. अमुक कामासाठीं अमुक सॉफ्टवेअर घ्यावें, तें असें बसवावें, असें वापरावें, ही माहिती ती सूचि शिक्षकाच्या भाषेंत देत असे. १९०१ च्या कायद्याखालीं जशा हजारों संस्था फ्रान्समध्यें स्थापन होतात, तशी २००४ सालीं या मंडळींचीहि रीतसर संस्था झाली. पुढें तिनें पुस्तकें काढलीं, लेखांचीं भाषांतरें केलीं आणि खिशांत घालून कोणत्याहि संगणकावर चालवितां येईल, असा मुक्त सॉफ्टवेअरचा संच तयार केला.

परंतु याच काळांत प्रश्नाचें स्वरूपच पालटलें. पूर्वीं सॉफ्टवेअर घरच्या संगणकांत असे आणि मनुष्याचीं कागदपत्रेंहि तेथेंच असत. आतां पत्रें, छायाचित्रें, हिशेब आणि भेटीगांठींच्या नोंदी दूरदेशीं कोणा कंपनीच्या सर्व्हरवर राहूं लागल्या. सोय झाली, पैसेहि पडत नव्हते. पण किल्ली दुसऱ्याच्या हातीं गेली. मालकानें दुकान बंद केलें, तर दाद कोणाकडे मागावी? १ जुलै २०१३ रोजीं गूगलनें आपली ‘रीडर’ ही वाचनसेवा बंद केली, तेव्हां वापरणाऱ्यांना त्याचा अनुभव आला. त्याच्या आदल्याच महिन्यांत एडवर्ड स्नोडेन यांनीं बाहेर आणलेल्या कागदपत्रांवरून दुसरी गोष्ट उघड झाली : थोड्याशा कंपन्यांच्या कोठारांत सांठलेली ही खासगी माहिती सरकारी हेरखात्यांनाहि उपलब्ध होत होती. एकेका घराचें दार फोडण्यापेक्षां एकाच कोठाराचें दार उघडणें केव्हांहि सोपें!

या रोगावर औषध कोणतें? सर्व्हरवरील सॉफ्टवेअर मुक्त असावें, हें तर खरेंच; पण तेवढ्यानें भागत नाहीं. सर्व्हरहि पुष्कळ असावे, निरनिराळ्या हातांत असावे आणि तरीहि त्यांचा परस्परांशीं व्यवहार चालावा. यालाच विकेंद्रीकरण म्हणतात. टपालाचें उदाहरण येथें लागू पडतें. १८७४ सालीं बर्न येथें झालेल्या करारानें निरनिराळ्या देशांचीं टपालखातीं एका संघांत आलीं. पुण्यास टाकलेलें पत्र पॅरिसला पोंचावें म्हणून दोन्हीं शहरांवर एकाच पोस्टमास्तरची सत्ता असावी लागत नाहीं. नियम समान असले म्हणजे पुरे. ई-मेलची रचना मुळांत अशीच आहे.

ऑक्टोबर २०१४ मध्यें फ्रामासॉफ्टनें ‘इंटरनेट गूगलमुक्त करूं या’ अशा अर्थाची मोहीम जाहीर केली. प्रचारासाठीं तिनें एक नकाशा काढला. त्यांत मुक्त सेवांचें एक गॉल लोकांचें खेडें होतें आणि सभोंवार बड्या कंपन्यांच्या छावण्या रोमन सैन्यासारख्या पडल्या होत्या. अॅस्टेरिक्सच्या चित्रकथा वाचून वाढलेल्या फ्रेंच माणसाला याचा अर्थ सांगावा लागला नाहीं. तीन वर्षांत सुमारे तीस सेवा उभ्या राहिल्या. ‘फ्रामापॅड’वर अनेकांना एकाच वेळीं एक मजकूर लिहितां येई, ‘फ्रामाडेट’वर सभेची तारीख सर्वांच्या सोयीनें ठरवितां येई. फाइली पाठविण्याच्या सेवेंत तर फाइल पाठविणाऱ्याच्या संगणकावरच कुलूपबंद होई. सर्व्हर चालविणाऱ्यालाहि आंत काय आहे तें कळत नसे. जाहिराती नव्हत्या. खर्च मुख्यतः देणग्यांवर चाले आणि पगारी माणसें दहाच्या आसपास होतीं.

येथेंच या इतिहासांतील खरा पेंच उत्पन्न झाला. सेवा चांगल्या म्हणून लोक आले. लोक आले म्हणून सर्व पुन्हा एकाच दाराशीं गोळा होऊं लागलें. जुन्या सावकाराच्या जागीं नवा, सज्जन सावकार आला, एवढाच फरक! सज्जनाच्या हातीं असलेली किल्ली हीहि अखेर दुसऱ्याच्याच हातची किल्ली असते, हें संस्थेनें ओळखलें होतें. म्हणून २०१६ सालीं तिच्या पुढाकारानें लहान लहान सेवादात्यांचा ‘शातों’ हा संघ निघाला. लांबलचक फ्रेंच नांवाच्या आद्याक्षरांतून बनलेल्या या शब्दाचा अर्थ ‘मांजरीचीं पिल्लें’ असा आहे. संघांत येणाऱ्यानें मुक्त सॉफ्टवेअर वापरावें, जाहिरातींसाठीं माहितीचा उपयोग करूं नये आणि कारभार उघड ठेवावा, असे नियम ठरले. शेतकऱ्याकडून थेट भाजी घेणाऱ्या गांवोगांवच्या मंडळ्यांची उपमा संघाला देण्यांत आली. ऑक्टोबर २०१८ मध्यें ‘पीअरट्यूब’ची पहिली पूर्ण आवृत्ति निघाली. तींत चित्रफिती एकाच कोठारांत न राहतां निरनिराळ्या सर्व्हरांवर राहतात आणि ते सर्व्हर समान नियमांनीं एकमेकांशीं जोडले जातात.

पुढचें पाऊल अधिक कठीण होतें. सप्टेंबर २०१९ मध्यें संस्थेनें आपल्याच कांहीं सेवा क्रमाक्रमानें बंद करण्याचें जाहीर केलें आणि वापरणाऱ्यांना इतर लहान सेवादात्यांकडे जाण्याची वाट दाखविली. चालतें दुकान आपण होऊन आवरतें घेणें व्यवहारी माणसाला विपरीत वाटेल. वापरणाऱ्यांनाहि त्याचा त्रास होणें अटळ होतें. तथापि मोठें न होण्याचा हा निश्चय संस्थेच्या मूळ तत्त्वाशीं सुसंगत होता.

त्याची कसोटी लवकरच लागली. मार्च २०२० मध्यें साथीमुळें फ्रान्समधील शाळा बंद झाल्या आणि शिक्षक या सेवांकडे धांवले. आपल्या सेवा शिक्षणखात्याच्या नोकरवर्गानें वापरूं नयेत, अशी विनंती संस्थेनें केली. लक्षावधि शिक्षकांची सोय करणें हें खात्याचें कर्तव्य आहे. मूठभर माणसांच्या देणग्यांवर तो भार पडूं नये, हा तिचा युक्तिवाद होता. त्याच वसंत ऋतूंत शिक्षणखात्यानें शिक्षकांसाठीं स्वतःची सेवा उघडली, आणि तींत पीअरट्यूबचाहि समावेश होता. पुढें २०२१ सालीं अलेक्सी कॉफमान यांना त्याच खात्यानें मुक्त सॉफ्टवेअरच्या कामासाठीं बोलावून घेतलें. वर्गांत सुरू झालेला प्रयत्न असा खात्याच्या दारापर्यंत पोंचला.

या मार्गांतील अडचणी लपविण्यासारख्या नाहींत. लहान सेवादाताहि उद्यां दुकान बंद करूं शकतो. त्याचा कारभार गलथान असूं शकतो. आणि जेथें मजकूर कुलूपबंद नसतो, तेथें सर्व्हर चालविणाऱ्यावर विश्वास ठेवावाच लागतो. विकेंद्रीकरणानें विश्वासाची गरज नाहींशी होत नाहीं. ती वांटली जाते, आणि विश्वासघात झाल्यास दुसरीकडे जाण्याची वाट मोकळी राहते. सामान्य गृहस्थानें संगणकशास्त्र शिकावें, अशी अपेक्षा कोणीहि करूं नये. त्यानें चार साधे प्रश्न विचारावे : आपलीं कागदपत्रें कोणाकडे आहेत? तीं कोणाला वाचतां येतात? या सेवेचा खर्च कोण भागवितो? आणि उद्यां निघून जावयाचें ठरल्यास आपलें सामान बरोबर नेतां येईल काय?

भाडेकरू घर घेतांनासुद्धां याहून अधिक चौकशी करतो. हे प्रश्न विचारण्याची संवय शिक्षकांच्या एका लहानशा मंडळानें अनेकांना लावली, हेंच फ्रामासॉफ्टच्या इतिहासाचें सार होय.