हॉलिवूडचं हसू टिकलं कसं?

आजचा विषय व्हिनिअर. हॉलिवूडचे डेंटिस्ट चार्ल्स पिंकस नटांच्या दातांवर पातळ कवच बसवायचे, तेही कवळीच्या पावडरीने. शूटिंग संपलं की काढायचं!

१९५५ मध्ये मायकेल ब्युओनोकोर यांनी इनॅमलवर ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल ३० सेकंद लावलं. कल्पना कारखान्यातली, रंग नीट धरावा म्हणून तिथे धातूला हे आम्ल लावत. दाताचा पृष्ठभाग खरखरीत झाला आणि ॲक्रिलिक घट्ट बसलं. १९८३ मध्ये सायमनसन आणि कॅलामिया यांनी पोर्सेलीनही हायड्रोफ्लोरिक आम्लाने तसंच खरखरीत केलं.

मला यातलं मर्म हे वाटतं: ताकद नुसत्या सिमेंटची नाही, ते ज्याला धरतं त्याचीही आहे. इनॅमलवरची पकड आतल्या डेंटिनपेक्षा भरवशाची, आणि घासलेलं इनॅमल परत येत नाही. म्हणून व्हिनिअर करणार असाल, तर शेड निवडण्याआधी विचारा, "डॉक्टर, इनॅमल किती घासणार?"